सोळा इंचांवरून पुन्हा पंधरावर: इंधन वाचवणाऱ्या टायरांचा एका वर्षाचा हिशेब

जानेवारी २०२५ मध्ये मी तुर्भे येथील एका दुकानातून आमच्या २०१८ च्या पेट्रोल बलेनोसाठी चार नवे टायर घेतले. त्याच वेळी गाडीवर चार वर्षे मिरवत असलेली सोळा इंची ॲलॉय चाके उतरवून गाडीसोबत मिळालेले पंधरा इंची लोखंडी रिम पुन्हा चढवून घेतले. घरातील तरुण मंडळींना हा निर्णय मुळीच रुचला नाही, कारण ती ॲलॉय चाके माझ्या धाकट्या दिरांनी हौसेने बसवून दिली होती आणि लोखंडी रिमांवर प्लास्टिकच्या टोप्या लावलेली गाडी सोसायटीच्या वाहनतळात टॅक्सीसारखी दिसते, असा त्यांचा आक्षेप होता. दिसते हे खरे आहे. माझा प्रश्न वेगळा होता: ठाण्यातील मानपाडा ते नवी मुंबईतील महापे या रोजच्या प्रवासात गाडी लिटरला १५ किलोमीटरसुद्धा देत नसेल, तर त्यात चाकांचा वाटा किती? एक पावसाळा आणि साधारण ११ हजार किलोमीटर उलटल्यावर त्याचे उत्तर आकड्यांत देता येईल इतकी नोंद माझ्यापाशी जमली आहे.

टायरचे आणि दुकानाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. एकाच नावाचा टायर वेगवेगळ्या मापांत बनतो आणि त्याचे इंधनबचतीचे आकडे प्रत्येक मापात सारखे नसतात; त्यामुळे नाव वाचून दुसऱ्या मापात तोच टायर घेणाऱ्याला माझा अनुभव लागू पडेलच असे नाही. मी घेतलेला टायर १८५/६५ आर १५, ८८ एच या मापाचा आहे, आणि पुढचे सर्व लेखन त्याच मापाबद्दल आहे. या आकड्यांचा अर्थ ठाऊक नसेल तर दुकानात आपण पूर्णपणे दुकानदाराच्या भरवशावर राहतो, म्हणून तो सांगून टाकते. १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी, ६५ म्हणजे त्या रुंदीच्या ६५ टक्के एवढी बाजूच्या भिंतीची उंची, १५ हा रिमचा इंचांतील व्यास, ८८ म्हणजे एका टायरने ५६० किलोपर्यंतचा भार पेलावा अशी क्षमता आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर ही वेगमर्यादा, जिच्याशी घोडबंदर रस्त्यावरील कोणाचाही संबंध येण्याची शक्यता नाही.

आमच्या गाडीला याआधी २०५/५५ आर १६ हे टायर होते. गंमत अशी की बलेनोच्या वरच्या श्रेणीत कंपनीनेच सोळा इंची चाके दिली होती, पण त्यांचे माप १९५/५५ होते. गुणाकार करून पाहिल्यास १८५/६५ आर १५ चा बाहेरचा व्यास ६२१.५ मिलिमीटर येतो आणि १९५/५५ आर १६ चा ६२०.९, म्हणजे कंपनीने रिम मोठा केला तरी टायरची भिंत ठेंगणी करून पूर्ण चाक जवळपास तेवढेच राखले. आमच्या २०५/५५ आर १६ चा व्यास मात्र ६३१.९ भरतो. दहा मिलिमीटरच्या या फरकाने चाकाचा घेर १.७ टक्क्यांनी वाढतो, स्पीडोमीटर तेवढा कमी वेग दाखवतो आणि किलोमीटरचा काटा तेवढे कमी अंतर मोजतो. याशिवाय डिकीतील स्टेपनी मूळ पंधरा इंचीच राहिली होती, त्यामुळे पंक्चर झाल्यावर एका बाजूला वेगळ्या व्यासाचे चाक लावून घरी येण्याची वेळ दोनदा आली होती. हे सारे मला चार वर्षांपूर्वी कोणी सांगितले असते, तर ती चाके आमच्या गाडीवर चढलीच नसती.

आता मूळ विषयाकडे येते. फिरणारा टायर जिथे रस्त्याला टेकतो तिथे वजनाने थोडा चपटा होतो आणि पुढे सरकताच पुन्हा गोल होतो. रबर दाबताना त्यात जेवढी शक्ती जाते, तेवढी ते सुटताना परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन निघून जाते, आणि म्हणूनच लांबच्या प्रवासानंतर टायर हाताला गरम लागतो. या नुकसानीला रोलिंग रेझिस्टन्स म्हणतात. तो मोजण्याची सोपी रीत अशी की हजार किलो वजनामागे टायर किती किलोचा अडसर करतात ते पाहायचे. अडसर १० किलोचा असेल तर तो मध्यम म्हणावा, ८ च्या खाली आला तर चांगला, आणि साडेसहापर्यंत उतरला तर उत्तम. युरोपीय संघाच्या टायर-लेबलवर मोटारींच्या टायरसाठी ६.५ पर्यंतच्या आकड्याला ‘ए’ ही सर्वोच्च श्रेणी मिळते आणि १०.५ च्या पुढे ‘ई’ ही शेवटची.

दोन माणसांसह आमची गाडी हजार किलोच्या आसपास भरते. १० किलोचा अडसर शंभर किलोमीटर ओढत नेण्यासाठी लागणारी ऊर्जा, पेट्रोलमधील ऊर्जा आणि शहरात इंजिन तिचा जेमतेम पाव हिस्साच चाकांपर्यंत पोहोचवते ही बाब, या तिन्हींचा हिशेब केला तर शंभर किलोमीटरमागे सुमारे सव्वा लिटर पेट्रोल निव्वळ टायरांवर खर्च होते. माझी गाडी त्या अंतरात पावणेसात लिटर पीत होती. म्हणजे जवळजवळ पाचवा हिस्सा टायरांचा. मात्र यावरून टायर बदलले की पाचवा हिस्सा वाचेल असा अर्थ कोणी काढू नये, कारण हा अडसर शून्यावर कधीच येत नाही. तो १० वरून साडेआठवर आला तर बचत तीन टक्क्यांच्या घरात जाते. अमेरिकेतील ट्रान्सपोर्टेशन रिसर्च बोर्डाच्या २००६ मधील अहवालातही रोलिंग रेझिस्टन्स दहा टक्क्यांनी घटल्यास इंधनात एक ते दोन टक्के फरक पडतो, असाच निष्कर्ष आहे. दुकानात कोणी ‘ॲव्हरेज चारने वाढेल’ असे म्हणाले, तर तिथून उठावे.

मला असे म्हणणारे दुकान भेटलेच. घोडबंदर रस्त्यावर, आमच्या घरापासून फार दूर नसलेल्या एका मोठ्या, काचेच्या दाराच्या दुकानात मी प्रथम गेले होते. इंधन वाचवणारे टायर हवेत आणि चाके पंधरा इंची करायची आहेत, असे सांगताच तेथील विक्रेत्याने आधी ‘मॅडम, साहेबांना सोबत आणलंत तर बरं होईल’ असे सुचवले. मग पंधराचा विचार सोडून सतरा इंची घ्या, टायर रुंद असला की गाडी रस्त्याला धरून चालते आणि मायलेजही सुधारते, असा सल्ला दिला. रुंद टायरने कोरड्या रस्त्यावर पकड वाढू शकते हे मान्य. पण रुंदी, वजन आणि वाऱ्याचा अडसर हे तिन्ही वाढल्यावर मायलेज कोणत्या वाटेने सुधारते, याचे उत्तर त्याच्यापाशी नव्हते. शेवटी त्याने पंधरा इंची टायरांचा एक संच सवलतीत देऊ केला. त्याच्या कडेवरील शेवटचे चार आकडे मी वाकून वाचले, तर ते ०८२२ होते, म्हणजे टायर २०२२ च्या आठव्या आठवड्यात बनलेला, जवळपास तीन वर्षांचा. रबर वापरात नसतानाही कडक होत जाते. सवलत कशासाठी होती ते कळले आणि मी निघाले.

तुर्भ्याचे दुकान दिसायला अगदी साधे आहे. ठाणे-बेलापूर रस्त्यावरून आत वळल्यावर दोन शटर, एक अलाइनमेंटचा, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचा खड्डा, बॅलन्सिंगचे यंत्र, बसायला चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि भिंतीवर पंढरीचा विठ्ठल, एवढाच त्यांचा पसारा. मालक पन्नाशीचे असावेत. त्यांनी टायर दाखवण्याआधी दोन प्रश्न विचारले: ‘ताई, वर्षाला किती फिरते गाडी? आणि मागच्या सीटवर नेहमी किती जण?’ त्या प्रश्नांवरच माझा अर्धा निर्णय झाला, कारण वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला महाग टायर घेऊन पैसे वसूल होत नाहीत, हे त्यांनी स्वतःहून सांगितले.

त्यांच्याकडे या मापात पाच-सहा पर्याय होते. इंधनबचत हाच ज्यांचा मुख्य गुण म्हणून सांगितला जातो असे टायर आपल्या बाजारात नवे नाहीत. मिशेलिनची ‘एनर्जी’ आणि ब्रिजस्टोनची ‘इकोपिया’ ही नावे बहुतेकांनी ऐकलेली असतील. टायरच्या रबरात काजळीऐवजी सिलिका मिसळली तर ओल्या रस्त्यावरील पकड न गमावता रोलिंग रेझिस्टन्स कमी करता येतो, हे तंत्र मिशेलिनने १९९२ मध्ये बाजारात आणले आणि आज ते सर्वच मोठ्या कंपन्या वापरतात. मात्र ‘इको’ किंवा ‘फ्युएल’ हा शब्द कडेवर छापलेला असणे म्हणजे पुरावा नव्हे. भारतात यासाठी दोन आधार आहेत. पहिला, एआयएस-१४२ हे मानक, ज्यात रोलिंग रेझिस्टन्स, ओल्या रस्त्यावरील पकड आणि आवाज यांच्या मर्यादा ठरवल्या आहेत आणि जे १ ऑक्टोबर २०२२ पासून नव्या रचनेच्या टायरांना लागू करण्याचे केंद्र सरकारने अधिसूचित केले. ही उत्तीर्ण होण्यापुरती अट आहे. पस्तीस गुणांचा आणि नव्वद गुणांचा विद्यार्थी तिच्यात सारखेच दिसतात. दुसरा आधार ऊर्जा दक्षता ब्युरोच्या ताऱ्यांचा. फ्रिज आणि एसीवर जे तारे आपण वर्षानुवर्षे पाहतो, तेच आता टायरवरही मिळतात आणि ते रोलिंग रेझिस्टन्सवरून ठरतात. ही योजना ऐच्छिक असल्याने प्रत्येक टायरवर तारे नसतात. आमच्या दुकानदारांनी चार तारे असलेला टायर काढून, त्याचे लेबल न फाडता माझ्या हातात दिला. आठवडा ४६२४ होता, म्हणजे जेमतेम दोन महिन्यांपूर्वीचा माल.

ओल्या रस्त्यावरील पकडीबद्दल मी त्यांना तीनदा विचारले असेल, आणि त्याबद्दल मला संकोच वाटत नाही. ठाण्यात चार महिने पाऊस असतो, विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी तुंबते, आणि माजिवड्याच्या उड्डाणपुलावरून उतरताना पुढची रिक्षा कधी थांबेल याचा नेम नसतो. लिटरभर पेट्रोलसाठी ब्रेक लागण्याचे अंतर वाढवणारा टायर मला फुकट दिला तरी नको होता. रबर कडक करून रोलिंग रेझिस्टन्स कमी करणे हा स्वस्तातला मार्ग आहे आणि त्यात पकड जाते. सिलिकाचा मार्ग महाग आहे. त्यामुळे इंधनबचतीचा दावा करणारा, पण त्या मापातील सर्वांत स्वस्त टायर दिसला की मी त्याच्याकडे संशयाने पाहते. दुकानदारांनीही एक स्वस्त संच दाखवून ‘हा उन्हाळ्यात चांगला’ एवढेच म्हटले. ते मला पुरेसे होते.

किंमत एका टायरला ६,३५० रुपये पडली, म्हणजे चारांचे २५,४००, आणि बसवणे, नवे व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग व अलाइनमेंट यांचे १,४५० रुपये वेगळे. त्याच मापाचा साधा, पण नावाजलेला टायर तिथे ५,३०० ला होता. तेव्हा टायरवर जीएसटी २८ टक्के होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाल्यामुळे मूळ किंमत तीच राहिली असेल, तर माझा टायर आज ५,८५० च्या आसपास मिळायला हवा. लोखंडी रिम गच्चीवरील खोलीत पोत्यात बांधून ठेवलेले होते. त्यांपैकी एक किंचित वाकलेला निघाला, तो त्यांनी ठोकून सरळ केला आणि यंत्रावर फिरवून दाखवला. ॲलॉयचा रिम असा वाकला असता, तर ठोकताना तडकण्याची भीती होती.

येथे ॲलॉयबद्दलच्या एका ठाम समजुतीचा उल्लेख करणे भाग आहे. ॲलॉय म्हणजे हलके, आणि हलके म्हणजे मायलेज, असे जवळपास प्रत्येक जण मानतो. समान मापाचे, चांगल्या बनावटीचे ॲलॉय चाक लोखंडी चाकापेक्षा हलके असू शकते; पण माप वाढवले की तो फायदा संपतो. मी उतरवलेले चाक आणि नवे चाक, दोन्ही टायरांसह, घरच्या वजनकाट्यावर ठेवून पाहिली. सोळा इंची ॲलॉय, झिजलेल्या टायरसह, १८.४ किलो, पंधरा इंची लोखंडी, नव्या टायरसह, १५.७ किलो. एका चाकामागे २.७ किलो, चारांचे मिळून पावणेअकरा. फिरणाऱ्या वस्तूचे वजन गाडी उचलताना जास्त जाणवते हे खरे आहे, पण ‘चाकावरचा एक किलो म्हणजे गाडीतले दहा किलो’ हे जे वाक्य गॅरेजमध्ये ऐकू येते, त्याला भौतिकशास्त्राचा आधार नाही. अगदी टायरच्या बाहेरच्या कडेवर असलेले वजनसुद्धा वेग घेताना फार तर दुप्पट मोजावे लागते. म्हणजे आमच्या गाडीवरून जास्तीत जास्त एकवीस-बावीस किलोंचे ओझे उतरले, हजारातले दोन टक्के. कापूरबावडी ते कळवा या सिग्नलांच्या रांगेत त्याचा थोडा उपयोग होतो, एकसारख्या वेगाने पाम बीच मार्गावरून जाताना जवळपास काहीच नाही.

आता मायलेज. मी टाकी पूर्ण भरण्याची पद्धत वापरली, एकाच पंपावर, एकाच यंत्रावर, आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झाले की तिथेच थांबून. जुन्या चाकांवर ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ या काळात सहा वेळा टाकी भरली, त्याची सरासरी लिटरला १४.८ किलोमीटर आली. नव्या चाकांवर जानेवारी ते मार्च २०२५ मध्ये सहा वेळांची सरासरी १५.४ आली. परंतु जानेवारीत ठाण्यातही सकाळी एसी लावावा लागत नाही, त्यामुळे या तुलनेवर माझा विश्वास बसेना. म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ मध्ये, त्याच ऋतूत आणि त्याच रस्त्यावर, पुन्हा सहा टाक्या मोजल्या. सरासरी १५.६.

यात काट्याची गडबड किती, हा प्रश्न सुज्ञ वाचक विचारतीलच. सुदैवाने जुन्या मोठ्या टायरांची नक्षी, म्हणजे खाचांची खोली, तीन मिलिमीटरच उरली होती. ते नवे असतानाची आठ धरली तर पाच मिलिमीटर झिजून त्यांचा व्यास दहाने घटला होता आणि तो नव्या पंधरा इंची टायराच्या व्यासाबरोबर येऊन ठेपला होता. म्हणजे तुलना योगायोगाने सरळ निघाली. नव्या टायरांची नक्षी ७.५ वरून वर्षअखेरीस ६ मिलिमीटरवर आली, त्यामुळे काटा आता अर्धा टक्का जास्त अंतर दाखवतो. तो वजा केल्यास १५.६ चे १५.५ होतात. वाढ ४.७ टक्क्यांची. पण तीही पूर्णपणे टायरांच्या नावावर जमा करता येणार नाही, कारण अलाइनमेंटच्या कागदावर आमच्या पुढच्या चाकांचा टो, म्हणजे ती आत किंवा बाहेर वळलेली असण्याचा कोन, बराच बिघडलेला निघाला होता आणि तिरके घासत जाणारे चाक पेट्रोल आणि रबर दोन्ही खाते. माझ्या अंदाजाने टायरांच्या रबराचा वाटा अडीच टक्के, आणि उरलेला माप, वजन व अलाइनमेंट यांचा.

एक बाब मात्र अनेकांचा गैरसमज करून देते. टायर झिजत जातो तसा त्याचा रोलिंग रेझिस्टन्स कमी होत जातो, कारण दबून सुटणारे रबरच कमी उरते. म्हणून गोटा झालेले टायर टाकून नवे बसवले की पहिल्या महिन्यात मायलेज घटल्याचे दिसते, त्यात काट्याचा दीड-दोन टक्क्यांचा फरक मिसळतो, आणि माणूस दुकानदाराच्या नावाने बोटे मोडतो. माझ्या बाबतीत झिजलेल्या टायरांशी तुलना करूनही आकडा वर गेला, ही या संचाच्या बाजूने बोलणारी सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. झिजलेले टायर पेट्रोल वाचवतात म्हणून ते तसेच ठेवावेत असा विचार कोणी करू नये; मोटारींसाठी नक्षीची कायदेशीर मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, आणि पावसात तर तिच्या बरेच आधी टायर पाण्यावर तरंगू लागतो.

रुपयांत मांडायचे तर ११ हजार किलोमीटरला पूर्वी ७४३ लिटर लागत होते, आता ७१० लागतात. लिटरला १०४ रुपये धरून वर्षाला साडेतीन हजारांच्या आत बचत झाली. त्यातील टायरांमुळे झालेली साधारण १,९०० रुपयांची. साध्या टायरांपेक्षा मी ४,२०० रुपये जास्त मोजले होते, तेव्हा ते सव्वादोन वर्षांत फिटतील. सध्याच्या झिजेने हा संच चाळीस हजार किलोमीटरच्या पुढे जावा. माप कमी करण्याची बचत मात्र पहिल्या दिवसापासून सुरू झाली आणि तिला काहीही खर्च आला नाही. मला कोणी विचारले तर मी आधी माप आणि मगच टायर, या क्रमाने बोलते; कंपनीच्या पुस्तिकेत आपल्या गाडीसाठी दोन मापे दिली असतील, तर मायलेजसाठी त्यातील अरुंद टायराचे आणि लहान रिमचे घ्यावे.

दुकानाबद्दल एक तक्रार आहे आणि ती हवेची. काम आटोपल्यावर मी माझ्या गेजने दाब मोजला, तर चारही टायरांत चालकाच्या दारावरील पट्टीवर लिहिलेल्या आकड्यापेक्षा सहा पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) जास्त हवा होती. विचारल्यावर काम करणारा मुलगा म्हणाला, ‘मायलेजसाठी जास्तच ठेवतो आम्ही.’ दाब वाढवला की टायर कमी चपटा होतो आणि रोलिंग रेझिस्टन्स घटतो, हे त्याचे म्हणणे चूक नाही. पण सहा पीएसआयने टायर मधल्या पट्ट्यावर झिजतो, रस्त्याशी संपर्क घटतो आणि गायमुखच्या घाटातील खड्डे थेट मणक्यापर्यंत पोहोचतात. त्याने हवा कमी करून दिली, मालकांनी त्याला माझ्यासमोर समजही दिली, पण दुसऱ्या महिन्यात तिथे हवा पाहायला गेले तेव्हा तोच प्रकार पुन्हा झाला. तेव्हापासून मी त्यांच्याकडे टायर घेते, हवा घेत नाही.

कमी हवेचे नुकसान अर्थातच मोठे आहे. चारही टायरांत सरासरी एक पीएसआय कमी असेल तर इंधन सुमारे ०.२ टक्के वाया जाते, असे अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचे प्रमाण आहे. आपल्याकडे सहा-सात पीएसआय कमी हवेवर महिनोन्महिने फिरणाऱ्या गाड्या सर्रास दिसतात. दाब थंड टायरवर मोजायचा असतो. मानपाड्याहून निघून कापूरबावडीच्या पंपावर पोहोचेपर्यंत टायर तापून माझा गेज दोन-तीन पीएसआय जास्त दाखवतो, त्यामुळे पंपावर आकडा बरोबर दिसला तरी सकाळी तो कमीच असतो. सहाशे रुपयांचा गेज आणि दर दुसऱ्या रविवारी सकाळची दहा मिनिटे, एवढे पुरते. नायट्रोजनचे वेगळे पैसे मी दिले नाहीत. आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच आहे. शुद्ध नायट्रोजन थोडा हळू झिरपतो इतकाच त्याचा फायदा, आणि जो दाब नियमित पाहतो त्याला त्याची गरज नाही.

चालवतानाचा अनुभव सांगायचा तर स्टिअरिंग आधीपेक्षा किंचित सैल वाटते. वळणावर गाडी आज्ञा ऐकण्याआधी क्षणभर विचार करते. भिंत ११३ मिलिमीटरवरून १२० वर गेल्याचा तो परिणाम आहे आणि त्याच्याच बदल्यात मेट्रोच्या कामाने उखडलेल्या घोडबंदरच्या सेवारस्त्यावर धक्के लक्षणीय कमी झाले. काँक्रीटवर साठच्या पुढे टायरांचा एक बारीक गुणगुणता आवाज येतो, डांबरावर तो जातो. पावसाळ्यात मी मुद्दाम लक्ष ठेवले होते: जुलैमध्ये ऐरोलीजवळ भर पावसात जोरात ब्रेक लावण्याचा एक प्रसंग आला, एबीएस थरथरला आणि गाडी सरळ रेषेत, पुढच्या टेम्पोपासून पुरेसे अंतर राखून थांबली. जुने रुंद टायर त्यांच्या शेवटच्या पावसाळ्यात साचलेल्या पाण्यावरून जाताना हलके होत असत, तसे यांचे झाले नाही. अरुंद टायर पाणी लवकर कापतो आणि नक्षीही भरपूर आहे, तेव्हा याचे सारे श्रेय रबराला देणे बरोबर होणार नाही.

ॲलॉय चाके दीर घेऊन गेले आणि त्यांनी ती स्वतःच्या गाडीवर बसवली. त्यांचे मायलेज किती आहे ते मी विचारलेले नाही.

तुर्भ्याला जाणाऱ्यांनी टायरवरील आठवड्याचे चारही आकडे बिलावर लिहून मागावेत. मागितल्यास ते कुरकुर न करता लिहून देतात. अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा कागदही मागावा, कारण स्वतःहून दिला जात नाही. नट बसवताना ते यंत्राने घट्ट करून शेवटचा पीळ जोर मोजणाऱ्या टॉर्क पान्याने देतात, हे मला भारी किमतीच्या दुकानांतही क्वचित दिसले आहे. पाच हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल त्यांनी मोफत करून दिली, फक्त बॅलन्सिंगचे पैसे घेतले. शनिवारी अकरानंतर एपीएमसीतील टेम्पोंची रांग लागते आणि दीड तास जातो. साडेनऊला शटर उघडते तेव्हा पोहोचल्यास पाऊण तासात काम होते.